वाचकाला आधी विचारा: जालन्यातून प्रोग्रॅमिंगची मराठी पुस्तकमाला कशी आखावी

‘जालना’ या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले मूलही तीन सांगेल. हाच शब्द पायथन या संगणकीय भाषेला देऊन लांबी विचारली, तर उत्तर येते पाच. ज, काना, ल, न आणि पुन्हा काना असे पाच तुकडे संगणक मोजतो. युनिकोड या अक्षरांच्या संकेतपद्धतीत प्रत्येक मात्रेलाही स्वतंत्र क्रमांक आहे आणि पायथन ते क्रमांक मोजतो.

इंग्रजी शब्दांवर सराव करणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही. म्हणून इंग्रजीतल्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत त्याचे उत्तरही नसते. मराठी माध्यमातून आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्याच दिवशी आपले नाव टाकून पाहते, उत्तर चुकीचे दिसते आणि ‘आपलेच काहीतरी चुकले’ असे धरून गप्प बसते. प्रोग्रॅमिंगचे पुस्तक लिहिण्याआधी अशा वाचकाशेजारी जाऊन बसायला हवे. जालना जिल्ह्यासाठी अशी मराठी पुस्तकमाला आखायची असेल, तर वाचकांना सोबत घेऊन ती कशी आखता येईल, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

जालना का?

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे त्याचे आठ तालुके. शहराची ओळख बियाणे, लोखंडी सळई आणि मोसंबी यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

बियाण्याच्या या गावाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. नवे वाण थेट बाजारात आणायचे नसते. आधी ते छोट्या वाफ्यात लावायचे, मग काळ्या जमिनीत, बरड जमिनीत, पाण्याखाली आणि कोरडवाहू असे वेगवेगळ्या ठिकाणी पाहायचे. कुठे उगवण कमी झाली, कुठे कीड आली याच्या नोंदी ठेवायच्या आणि मगच पिशवी भरायची. पुस्तकालाही हीच शिस्त लागू पडते. एका शहरातल्या एका शिक्षकाने एका प्रकारच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक हे एकाच वाफ्यात पाहिलेल्या वाणासारखे असते.

लोकांशी बोलून काम ठरवण्याची परंपराही जिल्ह्यात आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीत मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या पुढाकाराने इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले आणि गाव पुढे द्राक्षबागांसाठी ओळखले जाऊ लागले. याच संस्थेच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांची मासिक चर्चासत्रे होत आली आहेत. शेतकऱ्याने प्रश्न विचारायचा आणि तज्ज्ञाने त्याच्या शेताच्या संदर्भात उत्तर द्यायचे, ही रीत इथे रुळलेली आहे. तीच पुस्तकासाठी वापरायची आहे.

याआधी कोणी काय केले?

वाचकाला सोबत घेऊन पुस्तक घडवण्याचे चांगले दाखले संगणकाच्या जगात आहेत.

पहिला दाखला डोनाल्ड क्नुथ यांचा. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हे काम त्यांनी १९६२ मध्ये बारा प्रकरणांचे एकच पुस्तक म्हणून हाती घेतले. विषय वाढत गेला आणि त्याची ग्रंथमाला झाली. पहिला खंड १९६८ मध्ये आला, तर चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ मध्ये. पुस्तकातली चूक सर्वप्रथम दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत. अनेकांनी तो वटवलाच नाही, चौकटीत लावून भिंतीवर टांगला. चूक दाखवणाऱ्याचा सन्मान होतो हे कळले की लोक बारकाईने वाचतात. मालिका आखणाऱ्याने आणखी एक गोष्ट इथून घ्यावी: विषय कितीही मोठा असला, तरी पहिला भाग वेळेत वाचकाच्या हाती पडला पाहिजे.

दुसरा दाखला अमेरिकेतल्या ॲलन डाउनी आणि जेफ एल्कनर यांचा. डाउनी महाविद्यालयात शिकवत. बाजारातली पुस्तके फार जाड आहेत आणि विद्यार्थी ती वाचतच नाहीत, हे पाहून त्यांनी १९९९ मध्ये जावा भाषेवर छोटे पुस्तक लिहिले. पाने कमी, नवे शब्द जपून आणि अवघड भाग हळूहळू, अशी त्याची आखणी होती. परवाना खुला असल्यामुळे व्हर्जिनिया राज्यातल्या एल्कनर या शाळाशिक्षकांनी ते पायथनमध्ये आणले. विद्यार्थी आणि वाचक चुका कळवत गेले आणि त्यांची नावे पुस्तकात छापली गेली. डाउनी स्वतः पायथन शिकले ते आपल्याच पुस्तकाचे हे नवे रूप वाचून.

तिसरा दाखला आपल्या महाराष्ट्रातला. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक देशभरातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या हाती दिसते. त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाल्या आणि त्याच धर्तीवर सी प्लस प्लस, जावा, पायथन यांची पुस्तके आली. समोर बसलेल्या विद्यार्थ्याशी बोलावे तशी सोपी भाषा हे त्यांचे बळ. पुस्तके इंग्रजीत असली, तरी मालिकेला एकच ओळखीचा आवाज असला की वाचक एका पुस्तकावरून दुसऱ्याकडे विश्वासाने जातो, हे त्यांतून दिसते.

चौथा दाखला आपल्या कामाला सर्वांत जवळचा. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. लिनक्स, सी, पायथन असे विषय साधारण दहा-दहा मिनिटांच्या पाठांतून शिकवायचे आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत द्यायचा, अशी ही योजना. तिथे पाठाची संहिता तज्ज्ञाच्या तपासणीबरोबर नवख्याच्या चाचणीतूनही जाते. विषय न येणारा माणूस ती संहिता वाचतो, तसतशी कृती करून पाहतो आणि कुठे अडला ते सांगतो. विषय येणाऱ्याला स्वतःच्या लिखाणातली गाळलेली पायरी दिसत नाही, नवखा मात्र तिथे लगेच ठेचकाळतो. आपल्या योजनेचा हाच कणा असावा.

वाचक कोण?

‘सर्वांसाठी उपयुक्त’ असे मुखपृष्ठावर छापलेले पुस्तक बहुधा कोणालाच नीट उपयोगी पडत नाही. जालन्यात निदान चार प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर ठेवावे लागतील.

पहिला वाचक म्हणजे तंत्रनिकेतन किंवा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग अचानक इंग्रजी पुस्तके. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली. त्यामुळे मराठी पुस्तकांची गरज अधिकृतपणेही मान्य झाली आहे.

दुसरा वाचक शाळेतला शिक्षक. त्याला संगणक कक्ष सांभाळायचा असतो, पण प्रोग्रॅमिंग तो कधी शिकलेला नसतो. तिसरा वाचक काम करणारा माणूस: सळईच्या कारखान्यातला हिशोबनीस, बियाणे कंपनीतला नोंदी ठेवणारा कर्मचारी, मोंढ्यातल्या अडतीवरचा मुनीम. रोज तेच आकडे हाताने भरून तो कंटाळलेला असतो. चौथी वाचक घरी असलेली पदवीधर तरुणी. तिच्याकडे बहुधा संगणक नसतो, मोबाइल असतो. तिच्यासाठी प्रत्येक धडा मोबाइलवर करून पाहता आला पाहिजे.

या चौघांना एकच पुस्तक पुरणार नाही, म्हणून मालिका हवी. पहिले पुस्तक मात्र चौघांनाही चालेल असे असावे आणि पुढच्या वाटा तिथून फुटाव्यात.

मालिका किती पुस्तकांची?

आखणीचा एक जुना नमुना जिल्ह्यातच आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधाची रचना आजही शिकण्यासारखी आहे. वीस दशक (विभाग), प्रत्येक दशकात दहा समास (प्रकरणे), आणि प्रत्येक समास एका बैठकीत ऐकता येईल एवढा. श्रोत्याने घेतलेल्या शंका ग्रंथातच मांडून त्यांची उत्तरे दिली आहेत. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखन कसे करावे यावरच आहे. ग्रंथ ऐकणाऱ्याच्या सोयीने कापावा आणि त्याची शंका ग्रंथात घ्यावी, हे याच मातीतल्या लेखकाने करून ठेवले आहे.

त्या अंगाने पाहता पाच पातळ पुस्तके पुरावीत. प्रत्येकी साधारण ९६ पाने, म्हणजे छपाईचे सोळा पानी सहा फॉर्म. पहिले पुस्तक पायथनची ओळख करून देणारे. दुसरे माहिती हाताळण्याचे: याद्या, फाइल, तक्ते. तिसरे वेब पान तयार करण्याचे. चौथे डेटाबेसचे, ज्यातून दुकानाची किंवा वाचनालयाची नोंदवही उभी राहील. पाचवे उपकरणांचे, म्हणजे छोट्या सर्किटला मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर जोडून त्यावर प्रोग्रॅम चालवण्याचे.

यांतल्या पहिल्या दोन पुस्तकांचाच आराखडा आधी पक्का करावा. उरलेल्या तिन्हींची नावे पेन्सिलीने लिहावीत. पहिल्या दोन पुस्तकांच्या वाचकांनी ‘आधी डेटाबेस हवा’ म्हटले, तर क्रम बदलता आला पाहिजे. पाचही पुस्तके आधीच लिहून मग अभिप्राय मागितला, तर ऐकून घेण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

उदाहरणे कुठून आणायची?

पुस्तक परके वाटते ते बरेचदा उदाहरणांमुळे. डॉलरमधली खरेदी आणि बेसबॉलचे गुण सोडवताना विद्यार्थ्याला आधी उदाहरण समजून घ्यावे लागते आणि मग प्रोग्रॅम. जालन्यात उदाहरणांना तोटा नाही.

गुणाकार शिकवायला मोंढ्यातली पट्टी घ्या. १८ क्विंटल ४० किलो सोयाबीन, भाव क्विंटलला ४,६०० रुपये धरला तर रक्कम ८४,६४० रुपये. त्यातून हमाली आणि तोलाई वजा करून हाती येणारी रक्कम काढा. याच धड्यात दशांशाची गंमतही सांगता येते. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर तो ०.३ च्या पुढे लांबलचक शेपूट जोडतो, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. म्हणून पैशाचा हिशोब पैशांत आणि वजनाचा ग्रॅममध्ये, पूर्ण संख्येत ठेवावा, ही सवय पहिल्याच पुस्तकात लागते.

अट शिकवायला उगवण चाचणी घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. सोयाबीनमध्ये सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. त्याहून कमी असतील, तर बियाण्याचे प्रमाण वाढवा किंवा बियाणे बदला. ‘जर-तर-नाहीतर’ याहून सोपे कसे शिकवणार?

फंक्शन शिकवायला सळई घ्या. व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचे, की एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८८९ किलो, म्हणजे बारा मीटरची कांडी सुमारे १०.६७ किलो. बांधकामावरच्या मिस्त्रीलाही हे सूत्र ठाऊक असते. एकदा लिहिलेले सूत्र हव्या त्या व्यासाला पुन्हा पुन्हा वापरणे, हेच फंक्शन.

भाषा आणि परिभाषा

मराठी पुस्तक म्हटले की पहिला वाद शब्दांचा होतो. व्हेरिएबल म्हणायचे की चल? लूप की आवर्तन? हा वाद बैठकीत मतदान घेऊन मिटवू नये. वाचकाच्या तोंडी काय बसते ते पाहावे. संगणक कक्षात मुले ‘कोड रन केला’, ‘एरर आला’, ‘लॉजिक लागत नाही’ असेच बोलतात. हे शब्द देवनागरीत सरळ घ्यावेत.

शाळेत शिकलेला मराठी शब्द मात्र वाया घालवू नये. ‘चल’ हा शब्द मुलांना बीजगणितात भेटलेला असतो. त्याचा आधार जरूर घ्यावा, पण तिथला धोकाही सांगावा. गणितात ‘क्ष बरोबर क्ष अधिक एक’ हे अशक्य आहे, तर प्रोग्रॅममध्ये ते रोजचे आहे. इथले बरोबरचे चिन्ह ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवा’ असे वाचायचे असते. पहिल्याच धड्यात ते मोठ्याने तसे वाचायला लावले, तर पुढचा मोठा गोंधळ टळतो.

मराठीच्या घडणीतूनही काही खाचखळगे येतात. आपण सहज म्हणतो, ‘पोते भरेपर्यंत धान्य ओत.’ पायथनचा व्हाइल लूप हे असे ऐकत नाही. त्याला सांगावे लागते, ‘जोपर्यंत पोते भरलेले नाही, तोपर्यंत ओत.’ म्हणजे मनातली अट उलटी करून लिहावी लागते. असा खुलासा मराठीत विचार करणाऱ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकातच येऊ शकतो.

देवनागरीसाठी तर एक स्वतंत्र धडा हवा. ‘जालना’ उलटा छापला की काना सुटा पडून सगळ्यांत आधी येतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, पण युनिकोडमध्ये त्याची जागा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये आहे. म्हणून संगणकाने लावलेला अकारविल्हे क्रम मराठी कोशाशी जुळत नाही. वापरणाऱ्याने मजकूर म्हणून ‘४५’ टाकले तर पायथन त्याची संख्या करून देतो, पण प्रोग्रॅम लिहिताना देवनागरी अंक थेट वापरले तर चूक दाखवतो. व्हेरिएबलला मात्र ‘वजन’ किंवा ‘भाव’ असे मराठी नाव देता येते. या गोष्टी नवख्याला कोड्यात टाकतात आणि उलगडल्या की तितकाच आनंदही देतात.

अभिप्राय कसा घ्यायचा?

अभिप्राय म्हणजे ‘पुस्तक आवडले का?’ हा प्रश्न नव्हे. आपल्याकडे शिक्षकाने ‘समजले का?’ विचारले की सगळा वर्ग ‘हो सर’ म्हणतो. त्यात आदर असतो, संकोच असतो, घरी जायची एसटी चुकेल ही धास्तीही असते. म्हणून विचारण्यापेक्षा पाहावे. त्यासाठी चार फेऱ्या सुचवतो.

पहिली फेरी ऐकण्याची. एक ओळही लिहिण्याआधी प्रत्येक तालुक्यात एक बैठक घ्यावी. तिथे पुस्तकाबद्दल बोलूच नये. ‘दिवसभरात कोणता हिशोब पुन्हा पुन्हा करावा लागतो?’ ‘संगणकावर शेवटचे कधी अडलात आणि मग काय केले?’ असे प्रश्न विचारावेत. उत्तरे बोलणाऱ्याच्या शब्दांतच टिपावीत, कारण त्यांतूनच उदाहरणे आणि परिभाषा मिळते.

दुसरी फेरी नवख्याची. धड्याच्या छायाप्रती काढाव्यात आणि विषय न येणाऱ्या पाच जणांना एकेकटे बसवावे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी दाखवले आहे की पाच जणांना काम करताना पाहिले तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. लेखकाने शेजारी बसावे आणि तोंड उघडू नये. वाचक कोणत्या ओळीवर थांबला, कुठे मागचे पान उलटले, कुठे मोबाइल उचलला, एवढेच लिहावे. मदत करायचा मोह आवरणे सर्वांत अवघड असते. पुस्तक घरी जाईल तेव्हा लेखक सोबत नसणार, हे लक्षात ठेवले की तो आवरता येतो.

तिसरी फेरी शिक्षकांची. शासकीय तंत्रनिकेतन, महाविद्यालये आणि शाळा यांतल्या शिक्षकांनी एकेक धडा आपल्या वर्गात शिकवून पाहावा. एका तासिकेत तो बसतो का, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, प्रात्यक्षिकाला संगणक पुरले का, याच्या नोंदी त्यांच्याकडून घ्याव्यात.

चौथी फेरी तज्ज्ञांची. तांत्रिक चूक राहू नये यासाठी उद्योगात काम करणारे जालन्याचे मराठी अभियंते, मग ते पुण्यात असोत की परदेशात, मसुदा तपासू शकतात. त्यांना आधीच सांगावे की चूक दाखवा, धडा अवघड करू नका.

या फेऱ्यांत कोण गैरहजर आहे तेही पाहावे. मिश्र बैठकीत मुली बोलत नसतील, तर त्यांची बैठक वेगळी घ्यावी. मंठ्याहून येणाऱ्याला जालन्यात बोलावण्यापेक्षा आपण मंठ्याला जावे. लिहायला संकोच वाटत असेल, तर मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवण्याची सोय ठेवावी. वेळ ठरवताना आठवडी बाजार, पेरणी आणि शेवटची एसटी ध्यानात ठेवावी.

आलेले मत चाळायचे कसे?

शंभर मते आली की त्यांतली वीस एकमेकांविरुद्ध असतात. कोणाला धडा फार सोपा वाटतो, कोणाला फार अवघड. सगळ्यांचे सगळे ऐकले तर पुस्तकाची खिचडी होते. म्हणून प्रत्येक मत चारपैकी एका खणात टाकावे: चूक, अडथळा, आवड, मागणी.

चूक म्हणजे कोड चालत नाही, आकडा चुकला, चित्र उलटे छापले. ती एकाने दाखवली तरी त्याच दिवशी दुरुस्त करावी. अडथळा म्हणजे वाचक थांबला ती जागा. तीन वेगवेगळ्या तालुक्यांतले वाचक एकाच परिच्छेदावर अडले, तर वाचकांना दोष न देता परिच्छेद नव्याने लिहावा. आवड म्हणजे ‘अक्षर मोठे हवे’, ‘चित्रे जास्त हवीत’ यांसारखी मते. ती मोजावीत आणि बहुमत पाहावे. मागणी म्हणजे ‘मोबाइल ॲप कसे करायचे ते घ्या’ अशी सूचना. ती पुढच्या पुस्तकाच्या यादीत लिहावी.

एक निर्णयवही ठेवावी. कोणते मत आले, काय ठरले आणि का ठरले, हे एका ओळीत लिहावे. एखादी सूचना नाकारली तरी सुचवणाऱ्याला कारण कळवावे. आपले म्हणणे वाचले गेले हे कळले की तो माणूस पुढचा मसुदाही वाचतो. अखेरचा निर्णय मात्र संपादकाचा आणि जबाबदारीही त्याचीच.

मदत करणाऱ्यांची नावे त्यांची संमती घेऊन पुस्तकाच्या शेवटी छापावीत. चूक सर्वप्रथम दाखवणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या पुस्तकाची प्रत भेट द्यावी. परतूरच्या एखाद्या मुलीने पुस्तकात आपले नाव पाहिले, तर प्रोग्रॅमिंग हे आपलेही क्षेत्र आहे याची खूण तिला तिथेच पटेल.

छपाई, परवाना आणि वेळापत्रक

पहिली छपाई मोठी करू नये. डिजिटल छपाईत पन्नास किंवा शंभर प्रतीही काढता येतात. त्यांवर ‘चाचणी प्रत’ असे ठळक छापावे आणि प्रत्येक धड्यानंतर नोंदीसाठी अर्धे पान कोरे सोडावे. प्रती परत गोळा केल्या की त्या कोऱ्या जागांतच पुढची आवृत्ती सापडते. पक्क्या आवृत्तीसाठी आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

परवाना आधीच ठरवावा. २००२ पासून उपलब्ध असलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांखाली मजकूर खुला ठेवला, तर बुलडाण्याचा किंवा परभणीचा शिक्षक आपली उदाहरणे घालून तो वापरू शकेल. लोकांनी मोफत मत द्यायचे आणि पुस्तक कुलपात ठेवायचे, हे न्यायाला धरून होत नाही.

वेळापत्रक जिल्ह्याच्या वर्षाशी जुळवावे. जून-जुलैत पेरणी आणि प्रवेशांची धांदल असते, तेव्हा बैठका ठेवू नयेत. ऑगस्ट-सप्टेंबरात ऐकण्याची फेरी, दिवाळीच्या सुटीत पहिल्या पाच धड्यांचा मसुदा, हिवाळी परीक्षा आटोपल्यावर जानेवारीत नवख्यांची फेरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गातली फेरी, उन्हाळ्यात तज्ज्ञांची फेरी व दुरुस्ती आणि जूनमध्ये चाचणी प्रत. एका पुस्तकाला एक वर्ष लागेल. ते जास्त नाही. कोणतेही नवे वाण एका हंगामात सिद्ध होत नाही.

मराठीत पुस्तक आताच का?

आज संगणकाला साध्या भाषेत सांगून तयार कोड मिळवता येतो. मग पुस्तक कशाला, असे कोणी विचारेल. मिळालेला कोड बरोबर आहे की चूक हे ओळखायला तो वाचता यावा लागतो. पट्टीत हमाली दोनदा वजा झाली आहे, हे मुनिमाला दिसले पाहिजे. ही नजर पायरीपायरीने तयार होते आणि ती आपल्या भाषेत लवकर तयार होते.

आपण शिक्षक असाल तर या आठवड्यात एक काम करा. आपल्या वर्गातल्या एका मुलाला किंवा मुलीला कोणत्याही प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाचे पहिले पान द्या, शेजारी शांत बसा आणि ती कोणत्या ओळीवर थांबते ते तारीख घालून लिहून ठेवा. अशा नोंदी आठही तालुक्यांत जमू लागल्या, की मालिकेच्या पहिल्या पुस्तकाचे काम सुरू झाले असे समजा.